पापडावरचं पापडावर

चैत्र अर्धा सरलाय, आखाजी पंधरा दिवसांवर आली, आणि परवा धुळ्याच्या एका वाचनालयाचं पत्र आलं. व्याख्यानमालेत बोलायला या म्हणे. विषय त्यांनीच ठरवून दिलाय: 'आत्मकथनं आज इतकी लोकप्रिय का?' खाली लिहिलंय, 'आपण स्वतः आठवणींच्या एका गाजलेल्या पुस्तकाच्या लेखिका असल्याने...' पुढचं मी वाचलंच नाही. पत्राची घडी करून फ्रिजवर ठेवली, उडू नये म्हणून वर एक लिंबू ठेवलं, आणि गॅलरीत येऊन बसले. सकाळचे दहा वाजले होते आणि कठडा हाताला चटके देत होता.

लोकप्रिय का, म्हणे! काय सांगू? गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे किती बाडं आली असतील. निवृत्त ओव्हरसियर, निवृत्त तलाठी, निवृत्त मुख्याध्यापक. पेन्शनचा कागद हातात पडला की दुसऱ्या हातात पेन. 'बाई, जरा नजर टाका. साधंसुधं लिहिलंय, पण खरं लिहिलंय.' हे 'खरं लिहिलंय' ऐकलं की मी चष्मा शोधायच्या निमित्तानं आत जाते, दोन मिनिटं मोरीपाशी उभी राहते आणि पाणी पिऊन बाहेर येते.

या दिवसांत आमच्या जुन्या गल्लीत एक वास असायचा. जळगावात जिनिंगच्या मागं आमची दहा-बारा घरांची गल्ली होती. ऐंशी सालच्या पुढची ती वर्षं. कापसाचा हंगाम सरलेला असायचा, जिनिंगचा भोंगा मंदावलेला, आणि घराघरातून हिंग, मिरी आणि पापडखाराचा तो नाकात चढणारा वास यायचा. तो वास आला की समजायचं, आखाजी आली. बाकीच्या महाराष्ट्राची ती अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. लेकी माहेरी येणार, लिंबाला झोके बांधणार, गौराईची गाणी म्हणणार, आणि जाताना त्यांच्या पिशवीत पापडांची चवड गेली पाहिजे. म्हणून त्याच्या आधी गल्लीतल्या सगळ्या घरांचे पापड उरकायचे.

पापड कोणी एकटीनं करत नसे. घराघराची पाळी ठरायची. आज केसरकाकूंकडे, उद्या माझ्याकडे, परवा शकूअक्काकडे. ज्या घरची पाळी, तिनं पहाटे उठून उडदाचं पीठ घट्ट भिजवायचं, तेलाचा हात लावून पाट्यावर कुटायचं, दोऱ्यानं लाट्या पाडून ठेवायच्या. बाकीच्या आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून यायच्या. दारं लावलेली, पंखा बंद. पंखा लावला की पापड उडतात. घामाच्या धारा लागलेल्या, बांगड्या कोपराकडे सारलेल्या, मधूनच एखादी कच्ची लाटी तेलात बुडवून तोंडात टाकलेली. आहाहा! ती चव आता मी कुठं आणू? पाकिटातल्या पापडाला काय चव असते, डोंबल!

आणि बोलणं. अगं बाई, काय ते बोलणं! हात कामात असले की तोंड मोकळं होतं, आणि नजर पोळपाटावर असली की लाज वाटत नाही. एकमेकींकडे बघून जे जन्मात बोलवलं नसतं, ते लाटीकडे बघून सहज निघायचं. कोणाचा नवरा पीत असे, कोणाचं पोर दवाखान्यात नेता नेता गेलं, कोणी सासूच्या जाचानं विहिरीपर्यंत जाऊन परत आली होती. कोणी गहिवर काढायचं नाही, कोणी शहाणपण शिकवायचं नाही. 'हं' म्हणायचं आणि पुढची लाटी घ्यायची. केसरकाकू आमच्यात सगळ्यात थोरली, तोंडाची फटकळ. संध्याकाळी उठताना तिचा एकच नियम असे. 'पापडावरचं पापडावर बरं का गं बायांनो. पदर झटका. पीठबी इठंच, बोलनंबी इठंच.' आणि आम्ही खरंच पदर झटकायचो.

मी त्या गल्लीतली एकटी नोकरीवाली. हायस्कूलात मराठी शिकवायची. मला सगळ्या 'बाई' म्हणायच्या, मान द्यायच्या आणि माझे पापड जाडे होतात म्हणून हसायच्या. 'बाई, हा पापड शे का भाकर?' शकूअक्का म्हणायची, आणि माझा पापड हळूच आपल्या पोळपाटावर ओढून दोन हातांत पातळ करून द्यायची. तिचा पापड असा, की खाली वर्तमानपत्र धरलं तर वाचता यावं.

शकूअक्काची गोष्ट मी अशीच एका पाळीच्या दिवशी ऐकली. तिचं शिरपूरकडच्या एका खेड्यात पहिलं लग्न झालेलं. नवरा मारायचा. एकदा इतकं मारलं की भाऊ येऊन घेऊन गेला. सासरच्यांनी तिला जाऊ दिलं, दोन वर्षांची मुलगी मात्र ठेवून घेतली. पुढं भावानं तिचा पाट लावून दिला, जळगावात जिनिंगवर कामाला असलेल्या एका बिजवराशी. माणूस चांगला होता. त्याची अट एकच होती, मागचं घरात काढायचं नाही. तिनं काढलं नाही. पोटच्या मुलालासुद्धा ठाऊक नव्हतं की आपल्याला एक बहीण आहे. तिकडे त्या मुलीला, मंगलला, सांगितलेलं की आई मेली.

फक्त एक गोष्ट शकूअक्का करायची. दर आखाजीला आपल्या चवडीतले पन्नास पापड वेगळे काढायचे, फडक्यात बांधायचे, आणि तिच्या माहेरगावचे एक आबा एसटीत कंडक्टर होते, त्यांच्या हाती शिरपूरला धाडायचे. मंगलचं लग्न झालं होतं, तिच्या नवऱ्याचं शिरपूर स्टँडजवळ सायकलचं दुकान होतं. आबा पुडकं दुकानात ठेवायचे आणि सांगायचे, 'मावशीनं धाडं शे.' कोण मावशी, कुठली मावशी, कोणी विचारत नव्हतं. माहेर नसलेल्या पोरीला आखाजीला कोणाचं तरी काहीतरी येतंय, एवढंच. शकूअक्काच्या पाळीला आम्ही सगळ्याजणी ते पन्नास पापड जरा निगुतीनं लाटायचो. त्याबद्दल कोणी बोलत नसे.

'निंघनी तवय ती उंबऱ्यामा बठेल व्हती,' शकूअक्का म्हणाली होती. 'मी मांगे वळीसन देखं नही.' बस. एवढंच. मग म्हणाली, 'बाई, तुमनी लाटी वाळी राहिनी.'

त्याच सुमाराला आत्मकथनांची लाट आली. सगळीकडे तेच. जो तो आपलं आयुष्य सांगत होता. त्यातली काही पुस्तकं लिहिली जायलाच हवी होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. आमच्या शाळेत तायडे सर होते. रावेरकडचे, बौद्ध कुटुंबातले. आई केळीच्या बागांत घड वाहायची. त्यांनी जे लिहिलं, ते कोणी कधी कानावर घेतलं नव्हतं, म्हणून त्यांना कागदाकडे जावं लागलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते गावी गेले आणि लिहिलेलं पान न् पान आईला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी म्हातारी म्हणाली, 'हे नको रे बाबा.' सरांनी ती पानं फाडली. मी हळहळले. म्हटलं, 'सर, तीच तर सगळ्यात चांगली पानं होती!' सर म्हणाले, 'असतील बाई. पण माझ्या आईला त्या गावात अजून राहायचंय.'

हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं. आणि तरीही!

माझ्या स्वतःच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय होतं? बी.एड., नोकरी, लग्न, बदली, मधुमेह. पण लिहायची खाज होती ना! सगळे लिहितात, मग मी मराठीची शिक्षिका, मी का मागं राहू? मग मी गल्ली लिहिली. पापडाचे दिवस लिहिले. केसरकाकू लिहिली, विहिरीवरून परत आलेली लिहिली, आणि सगळ्यात मोठं प्रकरण शकूअक्काचं. नाव तेवढं बदलून रुक्मिणी केलं. मला वाटलं, नाव बदललं की माणूस झाकलं जातं. शिरपूर तसंच ठेवलं, कंडक्टर ठेवला, फडक्यातले पन्नास पापड ठेवले. कसं बदलणार? त्यातच तर सगळी गोडी होती.

एक गोष्ट मात्र बदलली. प्रकरणाचा शेवट मला जमेना. 'मांगे वळीसन देखं नही', हे मला कोरडं वाटलं. आई अशी जाईल का? वाचकाच्या डोळ्यात पाणी कसं येईल? दोन दिवस मी अडून बसले, आणि मग लिहिलं: 'रुक्मिणी वेशीपर्यंत जाईतो तीनदा मागं वळली. तिन्ही वेळा उंबऱ्यातली ती चिमुकली मूर्ती तिला दिसली.' लिहिलं आणि माझेच डोळे भरून आले. काय पण शहाणी मी! स्वतःच फोडणी द्यायची आणि स्वतःच ठसका लागला म्हणायचं.

पुस्तक निघालं. लोकांना आवडलं. जिल्ह्याच्या एका साहित्य मंडळानं शाल-श्रीफळ दिलं. नेमकं तेच प्रकरण एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आलं, आणि ती पुरवणी जळगावइतकीच शिरपूरलाही जाते, हे मला सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, सुचलं होतं. पण आपलं नाव मोठ्या टाइपात छापून आलेलं बघितलं की माणसाला बाकीचं सुचत नाही.

पुढच्या चैत्रात माझी पाळी आली. मी पहाटे चारला उठून चार किलोचं पीठ भिजवलं, कुटलं, लाट्या पाडल्या, तेलाची वाटी भरली, चटया अंथरल्या, दारं लावली, पंखा बंद केला आणि बसले. आठ वाजले, नऊ वाजले. मग एकेक निरोप यायला लागले. हिची कंबर धरलीय. तिच्याकडे पाहुणे आलेत. अमकीला मालेगावला जायचंय. मी दार उघडून उभी राहिले, तर समोरच्या ओट्यावर केसरकाकू तांदूळ निवडत बसलेली. म्हटलं, 'काकू, येताय ना?' तिनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, 'बाई, तुम्ही बी कुठं पापडासाठी खोटी होता? तुम्ही लिखा.'

दुपारपर्यंत मी एकटी लाटत राहिले. लाट्या वाळून तडकायला लागल्या. मग उरलेलं पीठ गाईला घातलं. उडदाचं घट्ट पीठ, गाईनंही नीट खाल्लं नाही.

त्याच आखाजीला शकूअक्काचं पुडकं परत आलं. मी शाळेतून येत होते, तेव्हा आबा तिच्या दारात उभे होते, खाकी कपड्यांत, घामानं निथळत. 'अक्का, ती पोर नही म्हनस,' एवढंच ते म्हणाले. शकूअक्कानं पुडकं घेतलं. आबांना पाणी दिलं. तिचा मुलगा घरातून बाहेर आला, आईकडे न बघता सायकल काढून निघून गेला. त्यालाही त्या रविवारीच सगळं कळलं होतं. नवऱ्यानं काही म्हटलं नव्हतं, म्हणे. तो महिनाभर काहीच बोलला नव्हता.

मी तिच्याकडे गेले. जायलाच हवं होतं. हात जोडले, म्हटलं, 'अक्का, चुकले मी.' वाटलं होतं शिव्या देईल, देती तर बरं झालं असतं. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, 'बाई, तुम्हीं लिखं ते खरंच शे. पन ते मनं व्हतं, तुमनं नही.'

तिला वाचता येत नव्हतं. कोणीतरी वाचून दाखवलं असणार. ते तीनदा वळण्याचं वाक्य तिला वाचून दाखवलं होतं की नाही, हे मला कधीच कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. ती 'खरंच शे' म्हणाली, ते मी मुकाट्यानं घेतलं आणि घरी आले.

त्यानंतर ती माझ्याशी बोलत नव्हती असं नाही. 'बाई, नळ आला', 'बाई, दूधवाला गेला', असं सगळं बोलायची. फक्त पुन्हा कधी पन्नास पापड वेगळे काढले नाहीत. गल्लीतली पाळीही हळूहळू मोडली. टीव्ही आला होता, दुपारच्या मालिका आल्या होत्या, पापडाची पाकिटं दुकानात लटकायला लागली होती. लोक म्हणतात त्यामुळं मोडली. मलाही तसंच म्हणायला आवडतं. पण ज्या खोलीत आपलं बोलणं कोणी उचलून नेईल अशी धास्ती असते, तिथं बायका पंखा बंद करून कशाला बसतील?

म्हणून मला वाटतं, धुळ्याला जाऊन खरं उत्तर द्यायचं तर एवढंच देता येईल. पूर्वी 'हं' म्हणणारं कोणीतरी समोर असायचं. आता ते नाही, म्हणून माणसं कागदाला सांगतात. कागद 'हं' म्हणत नाही, म्हणून मग सगळ्या गावाला सांगतात. आणि वाचणाऱ्यांचं काय? उघड्या दारातून दुसऱ्याच्या घरात डोकवायला मिळालं तर कोण सोडतं? पुस्तकाला चौकटी-दारं असतात असं लेखकाला वाटतं, पण त्यांना आतून लावायची कडी नसते. हे मी बोलले तर वाचनालयवाले टाळ्या वाजवतील. फार प्रांजळ बोलल्या बाई, म्हणतील. त्या प्रांजळपणाचीही मला आता शिसारी येते.

शकूअक्का एका माघात गेली. आठ दिवसांचा ताप. तोवर आम्ही कॉलनीत राहायला आलो होतो. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

आणि दोन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, मंगल आली.

भर दुपारची वेळ. दारात एक पन्नाशीच्या आसपासची बाई, डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. 'पुस्तकवाल्या बाई तुम्हींच का?' म्हणाली. मी तिचं नाव विचारलं नाही. कपाळ, भुवया, उभं राहायची ढब, सगळं शकूअक्काचं होतं. मी तिला आत घेतलं, माठातलं पाणी दिलं. ते तिनं एका दमात प्यायलं आणि पिशवीतून माझं पुस्तक काढलं. पानं मळून कोपरे दुमडलेले. तिची लेक कॉलेजात शिकते, तिनं ते आणलं होतं आणि आईला वाचून दाखवलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा.

'तवय मी नही वाचं,' मंगल म्हणाली. 'दुकानमा लोकं हासेत. सासू म्हने, तुनी माय दुसरा घर करी बठनी नि तू ती मेली म्हनीसन रडस. माले राग उना. मी पुडकं परत धाडं.'

मी तिच्या पेल्यात आणखी पाणी ओतलं.

'आते ती नही. आबा बी नही. तिले देखेल असं तुम्हींच शेतस.' तिनं पान उघडलं. तिला वाचायची गरज नव्हती, बोट बरोबर त्या ओळीवर गेलं. 'हाई, तीनदा वळनी म्हनीसन लिखेल शे. हाई तुमले तिनंच सांगं का? हाई खरं शे ना, बाई?'

खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझी आई वळली नाही? ही पोर शिरपूरहून उन्हात बस बदलत आली, ती हेच ऐकायला आली का? आयुष्यभर आईशिवाय राहिली, निदान तेवढी एक नजर तिच्या पदरात असू दे. पुस्तकात खोटं लिहिलं, हे कबूल करायची भीतीही होतीच. ती मी लपवत नाही. मी म्हणाले, 'हो. तिनंच सांगितलं. तीनदा वळली.'

मंगलनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, रडेल, आणि रडून मोकळी होईल. ती रडली नाही.

'वळती नही ना, तर मी समजी लेतू,' ती म्हणाली. 'म्हनतू, जीव तुटी म्हनीसन देखं नही मायनी. पन तीनदा देखं. तीनदा माले उंबऱ्यामा देखं, नि तरी गयी.'

'मंगल, अगं थांब,' मी घाईघाईनं म्हणाले, 'तसं नाही गं, ते वाक्य मी... ती खरं तर...'

तिनं पुस्तक मिटून पिशवीत घातलं, पदर सारखा केला आणि उठली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

'ऱ्हाऊ द्या, बाई. आते काय सांगतस? छापेल शे ना.'